पूर्ण मैदानी दबाव आणि अर्धमैदानी खेळ : अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील एका डावपेचात्मक वादाचा इतिहास

सारांश

अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये बचावाच्या दोन पद्धती दीर्घकाळ समोरासमोर उभ्या राहिल्या आहेत. पहिल्या पद्धतीत प्रतिस्पर्ध्याला संपूर्ण मैदानभर रोखले जाते, तर दुसरीत आपल्या बास्केटसमोरच्या अर्ध्या मैदानात परतून मोर्चेबांधणी केली जाते. पहिली पद्धत दुर्बलांचे शस्त्र आहे, असा समज २००९ नंतर विशेष लोकप्रिय झाला. प्रस्तुत लेखात १८९१ पासूनचे नियमबदल, प्रमुख प्रशिक्षकांची कार्यपद्धती आणि निवडक सामने यांच्या आधारे या समजाची तपासणी केली आहे.

बीजसंज्ञा : बास्केटबॉल, फुल कोर्ट प्रेस, हाफ कोर्ट, शॉट क्लॉक, डावपेच, वर्णभेद, क्रीडा-इतिहास.

प्रास्ताविक

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे मैदान ९४ फूट लांब व ५० फूट रुंद असते. बास्केट केल्यानंतर बहुतेक संघ आपल्या बाजूच्या अर्ध्या मैदानात परततात आणि प्रतिस्पर्ध्याला तेथपर्यंत विनासायास येऊ देतात. याचा अर्थ असा की, सामन्याचा बराच वेळ मैदानाचा निम्मा भाग बचावाविना मोकळा असतो. हा भाग प्रतिस्पर्ध्याला आंदण का द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात नियमांचा इतिहास, शरीरश्रमाचे गणित आणि अमेरिकी समाजातील वर्णभेद हे तिन्ही घटक गुंतलेले आहेत.

चेंडू मैदानात टाकला जाताच त्यावर तुटून पडणाऱ्या पद्धतीला खेळाडू फुल कोर्ट प्रेस म्हणतात. या लेखात तिच्यासाठी ‘पूर्ण मैदानी दबाव’ ही संज्ञा वापरली आहे. तिची रीत अशी : चेंडू घेणाऱ्या खेळाडूला कडेच्या रेषेकडे ढकलावयाचे, तेथे दोघांनी मिळून त्याला कोंडावयाचे आणि त्याने घाईने दिलेला पास तिसऱ्याने मध्येच हेरावयाचा. कडेची रेषा येथे जणू सहावा बचावपटू ठरते. या पद्धतीची जोखीमही तितकीच उघड आहे. एका खेळाडूवर दोघे गेल्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू मोकळा राहतो. कोंडी फुटली की बास्केटजवळ एका बचावपटूला दोन आक्रमकांचा सामना करावा लागतो. अर्धमैदानी बचाव ही जोखीम टाळतो. मात्र त्या बदल्यात प्रतिस्पर्ध्याला आपला डाव शांतपणे मांडण्याची मुभा देतो.

नियमांनी घडविलेली भूमी

डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी १३ नियमांसह हा खेळ सुरू केला. आज ज्याला पूर्ण मैदानी दबाव म्हणतात, त्याला त्या काळी फारसा वाव नव्हता. याची दोन कारणे होती. पहिले असे की, प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मैदानाच्या मध्यभागी उडवून खेळ पुन्हा सुरू केला जाई. उंच मध्यपटू असलेल्या संघाकडे चेंडू वारंवार जाई आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्या टोकाशी गाठण्याचा प्रसंगच येत नसे. दुसरे असे की, चेंडू असलेल्या संघाला हव्या तितक्या मागे सरकण्याची व हवा तितका वेळ घालविण्याची मोकळीक होती.

हे दोन्ही अडथळे १९३० च्या दशकात दूर झाले. १९३२-३३ च्या हंगामापासून मैदान मध्यरेषेने विभागले गेले आणि चेंडू १० सेकंदांत रेषेपलीकडे नेणे बंधनकारक झाले. त्यानंतर १९३७-३८ च्या हंगामात बास्केटनंतरची मध्यभागातील उडी रद्द झाली. चेंडू आता शेवटच्या रेषेबाहेरून, म्हणजे नुकत्याच झालेल्या बास्केटखालूनच आत टाकला जाऊ लागला. पहिला नियम वेळकाढूपणा थांबविण्यासाठी होता, तर दुसरा उंचीचा अवाजवी लाभ कमी करून खेळाला गती देण्यासाठी. दबावाच्या बचावाला उत्तेजन देणे हा दोहोंचाही हेतू नव्हता. तथापि एका नियमाने प्रतिस्पर्ध्याला गाठण्याचे ठिकाण निश्चित केले आणि दुसऱ्याने त्याला निसटण्यासाठी मिळणारी मुदत निश्चित केली. पूर्ण मैदानी दबाव हे अशा प्रकारे नियमकर्त्यांच्या अनपेक्षित फलितांपैकी एक होय.

मॅक्लेंडन : बंद दारामागचा प्रयोग

या नव्या भूमीचा पद्धतशीर उपयोग करणाऱ्या आरंभीच्या प्रशिक्षकांत जॉन मॅक्लेंडन यांचे स्थान महत्त्वाचे आहे. कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करताना त्यांना प्रत्यक्ष नेस्मिथ यांचे मार्गदर्शन लाभले. परंतु ते कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना विद्यापीठाच्या संघातून खेळता आले नाही. १९३६ मध्ये पदवी घेतल्यानंतर ते उत्तर कॅरोलायनातील डरहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात दाखल झाले आणि १९४० ते १९५२ या काळात तेथील संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. वेगवान चढाई आणि मैदानभर दबाव ही त्यांच्या संघाची ओळख होती. त्यासाठी लागणारा दम लांब पल्ल्याच्या धावण्यातून कमावला जाई.

१२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, गावातील बहुतेक लोक चर्चमध्ये असताना या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील श्वेतवर्णीय खेळाडूंशी गुप्तपणे सामना खेळला. दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी असा सामना खेळणे धोक्याचे होते. म्हणून व्यायामशाळेची दारे बंद ठेवण्यात आली व प्रेक्षकांना मज्जाव करण्यात आला. मॅक्लेंडन यांच्या संघाने हा सामना ८८-४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्ही बाजूंचे खेळाडू मिसळून आणखी एक डाव खेळले. ही हकीकत १९९६ मध्ये इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांच्या लेखनामुळे सर्वतोमुखी झाली.

मॅक्लेंडन यांच्या टेनेसी येथील संघाने पुढे १९५७, १९५८ व १९५९ अशी सलग तीन वर्षे छोट्या महाविद्यालयांच्या एनएआयए या संघटनेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. असे असूनही दबावाच्या खेळाच्या प्रचलित इतिहासात त्यांचा उल्लेख दीर्घकाळ ओझरताच राहिला. १९७९ मध्ये बास्केटबॉलच्या राष्ट्रीय सन्मान-दालनात त्यांचा समावेश झाला, तो खेळाला हातभार लावणारी व्यक्ती म्हणून. प्रशिक्षक या नात्याने तो होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. एखादा डावपेच कोणी शोधला यापेक्षा तो कोणाच्या नावावर नोंदला गेला, हा प्रश्न क्रीडा-इतिहासातही तितकाच बोलका असतो.

संयमाची परंपरा आणि तिच्यातील दबाव

याच काळात अर्धमैदानी खेळाचे शास्त्र ओक्लाहोमा ए अँड एम येथे हेन्री आयबा यांनी सिद्ध केले. मोजकेच नेम, काटेकोर पास, प्रत्येक खेळाडूवर एक बचावपटू आणि बास्केटसमोरचा भाग बंद करणे ही त्यांची सूत्रे होती. उंच मध्यपटू बॉब कर्लंड यांच्या साहाय्याने त्यांच्या संघाने १९४५ व १९४६ ची एनसीएए विजेतेपदे पटकाविली. सलग दोनदा ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला संघ होता.

तथापि दोन पद्धती म्हणजे दोन परस्परविरोधी पंथ होते, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. पीट न्यूवेल यांचा कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ आक्रमणात अत्यंत संथ व नेटका होता. परंतु बचावात तो प्रतिस्पर्ध्याला मैदानभर रोखत असे. १९५९ मध्ये ऑस्कर रॉबर्टसन यांचा सिनसिनाटी संघ आणि अंतिम सामन्यात जेरी वेस्ट यांचा वेस्ट व्हर्जिनिया संघ यांना त्याने नमविले. अंतिम गुणसंख्या ७१-७० अशी होती. चेंडू आपल्या हाती असता संयम आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती असता घाई, असे हे मिश्रण होते. संथ आक्रमण आणि मैदानभर बचाव एकाच संघात सुखाने नांदू शकतात, हे न्यूवेल यांनी दाखवून दिले.

१९६३ आणि १९६४ : दोन निर्णायक अंतिम सामने

१९६३ च्या अंतिम सामन्यात आधीच्या दोन वर्षांचा विजेता सिनसिनाटी संघ शिकागोच्या लोयोला विद्यापीठाविरुद्ध उभा होता. सिनसिनाटीचा खेळ संयमाचा होता. उत्तरार्धात ४५-३० अशी आघाडी मिळाल्यावर त्याने चेंडू राखून वेळ काढण्यास सुरुवात केली. लोयोलाने मैदानभर दबाव टाकून ही आघाडी झिजविली, सामना जादा वेळेत नेला आणि ६०-५८ असा जिंकला. लोयोलाच्या पहिल्या पाच खेळाडूंत चौघे कृष्णवर्णीय होते, ही बाब त्या काळात अपवादात्मक होती.

पुढील वर्षी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने, म्हणजेच यूसीएलएने, दबावाला राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. जॉन वुडन १९४८ पासून तेथे प्रशिक्षक होते. मात्र त्यांना तोवर राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नव्हते. त्यांच्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी कोणीही ६ फूट ५ इंचांहून उंच नव्हता. सहायक प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांच्या आग्रहावरून त्यांनी दोन-दोन-एक अशा रचनेचा क्षेत्रीय दबाव अवलंबिला. पुढे दोघे, मध्ये दोघे आणि मागे चपळ कीथ एरिकसन अशी ती मांडणी होती. चेंडू हिसकावणे हा तिचा केवळ एक लाभ होता. मुख्य हेतू प्रतिस्पर्ध्याला आपल्या गतीने खेळण्यास भाग पाडणे हा होता. संथ खेळणारा संघही दबाव फोडल्यावर सोपी संधी पाहून धावतो, आणि एकदा धावू लागला की त्याची घडी विस्कटते.

ड्यूकविरुद्धच्या अंतिम सामन्यात याचा प्रत्यय आला. ड्यूककडे ६ फूट १० इंच उंचीचे दोन खेळाडू होते. पूर्वार्धात यूसीएलए ३० विरुद्ध २७ असे पिछाडीवर असताना त्याने सुमारे अडीच मिनिटांत सलग १६ गुण मिळविले आणि सामना ९८-८३ असा जिंकला. त्या हंगामात हा संघ ३० पैकी ३० सामन्यांत विजयी ठरला. १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत वुडन यांच्या संघांनी १० विजेतेपदे मिळविली.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९६४ चा संघ ठेंगणा होता, पण दुबळा नव्हता. वॉल्ट हॅझार्ड आणि गेल गुडरिच हे त्या काळातील अव्वल दर्जाचे खेळाडू होते. उंचीची उणीव भरून काढणे आणि गुणवत्तेची उणीव भरून काढणे या दोन भिन्न गोष्टी होत. दबावाने पहिले साध्य केले. दुसरे त्याने कितपत साध्य केले, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

गुरुपरंपरेतील वळण : आयबा, हॅस्किन्स, रिचर्डसन

दोन पद्धतींमधील नाते एका गुरुपरंपरेत विशेष स्पष्ट होते. आयबा यांचे शिष्य डॉन हॅस्किन्स १९६१ मध्ये एल पासो येथील टेक्सास वेस्टर्न महाविद्यालयात प्रशिक्षक झाले. त्यांनी गुरूचा कडक अर्धमैदानी बचाव तेथे रुजविला. १९६६ च्या अंतिम सामन्यात त्यांनी पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करून केंटकीच्या श्वेतवर्णीय संघाला ७२-६५ असे हरविले. कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे नुसता वेग आणि उड्या, शिस्त नव्हे, या रूढ पूर्वग्रहाला हा परस्पर छेद होता. कारण तो विजय संयमी व शिस्तबद्ध खेळाचा होता.

याच महाविद्यालयात हॅस्किन्स यांच्या हाताखाली नोलन रिचर्डसन खेळले होते. मूळचे आक्रमक खेळाडू असलेल्या रिचर्डसन यांना हॅस्किन्स यांनी बचावाला जुंपले. प्रशिक्षक झाल्यावर रिचर्डसन यांनी गुरूची बचावनिष्ठा स्वीकारली. परंतु ती अर्ध्या मैदानापुरती न ठेवता ९४ फुटांवर पसरविली. आर्कान्सा विद्यापीठातील त्यांचा खेळ ‘चाळीस मिनिटांचा नरक’ या नावाने ओळखला गेला. १९९४ च्या अंतिम सामन्यात त्यांनी ड्यूकला ७६-७२ असे पराभूत केले. राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते, १९८४ मधील जॉर्जटाऊनच्या जॉन थॉम्पसन यांच्यानंतरचे, दुसरे कृष्णवर्णीय प्रशिक्षक होते.

रिचर्डसन यांच्या खेळाला अनेकदा ‘मोकाट’ म्हटले गेले. वस्तुतः कोणत्या पासवर कोणी झेपावावे, कोणी मागे थांबावे, कोंडी फुटल्यास कोणी कोठे परतावे, या सर्वांची घोटून तालीम असल्याखेरीज दबाव दोन मिनिटेही टिकत नाही. अर्धमैदानी खेळाला बुद्धीचे आणि मैदानी दबावाला केवळ शरीराचे काम मानण्यात वर्णभेदाचा अंश होता. मॅक्लेंडन ते रिचर्डसन या परंपरेचे योग्य मूल्यमापन लांबण्यामागे हा दृष्टिकोनही कारणीभूत होता, असे म्हणावे लागते.

संथ खेळ : दुर्बलांचे दुसरे शस्त्र

दबाव हे दुर्बलांचे एकमेव शस्त्र असते, तर संथ अर्धमैदानी खेळाने बलाढ्यांना कधी धक्का दिला नसता. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १ एप्रिल १९८५ रोजी आठव्या मानांकनाच्या व्हिलानोव्हाने गतविजेत्या जॉर्जटाऊनला ६६-६४ असे हरविले. जॉर्जटाऊनचा दबाव देशभर धाक बसविणारा होता. व्हिलानोव्हाने मात्र चेंडू शांतपणे राखला, घाईचा नेम टाळला आणि २८ पैकी २२ नेम यशस्वी केले. पुढे १९९६ मध्ये पीट कॅरिल यांच्या प्रिन्स्टन संघाने गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असे नमविले. याच यूसीएलएने १९९५ च्या अंतिम सामन्यात रिचर्डसन यांच्या आर्कान्साचा दबाव फोडून ८९-७८ असा विजय मिळविला होता.

यामागे साधे गणित आहे. सामन्यात चेंडूचा ताबा जितक्या अधिक वेळा बदलतो, तितकी सरस संघाची सरसता प्रकट होण्यास वाव मिळतो. ताबे कमी असले की दैवाचा वाटा वाढतो. जसे दोन प्रश्नांच्या परीक्षेत सामान्य विद्यार्थी हुशार विद्यार्थ्याला मागे टाकू शकतो, पण शंभर प्रश्नांच्या परीक्षेत ते अवघड असते. दबाव ताब्यांची संख्या वाढवितो आणि संथ खेळ ती घटवितो. म्हणून केवळ गणिताच्या अंगाने पाहता, दुर्बल संघाने वेग कमी करणे अधिक हिताचे ठरते.

मात्र या उपायाला नियमांनी हळूहळू वेसण घातली. २४ फेब्रुवारी १९७९ रोजी ड्यूक आणि उत्तर कॅरोलायना यांच्या सामन्याचा पूर्वार्ध ७-० असा संपला. १९८२ मध्ये अटलांटिक कोस्ट परिषदेच्या अंतिम सामन्यात उत्तर कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांनी ‘फोर कॉर्नर्स’ या चेंडू राखण्याच्या रचनेने व्हर्जिनियाविरुद्ध ४७-४५ असा विजय मिळविला. अशा सामन्यांविषयीच्या नाराजीतून पुरुषांच्या खेळात १९८५-८६ पासून ४५ सेकंदांचे शॉट क्लॉक देशभर लागू झाले. १९९३-९४ मध्ये ही मुदत ३५ सेकंदांवर आणि २०१५-१६ मध्ये ३० सेकंदांवर आली. व्हिलानोव्हाचा १९८५ चा विजय घड्याळाविना झालेल्या शेवटच्या राष्ट्रीय स्पर्धेतील होता. घड्याळामुळे दबावाला नवे मोल आले : चेंडू पुढे नेण्यात प्रतिस्पर्ध्याची सात-आठ सेकंदे खर्ची पडली, तरी त्याच्या आक्रमणाचा वेळ तेवढा आटतो.

‘दुर्बलांचे शस्त्र’ या सिद्धान्ताची परीक्षा

मे २००९ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांनी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात लिहिलेल्या लेखाने हा वाद क्रीडाक्षेत्राबाहेर नेला. लेखाच्या केंद्रस्थानी मुंबईत वाढलेले उद्योजक विवेक रणदिवे होते. क्रिकेट व फुटबॉल पाहत मोठे झालेल्या रणदिवे यांना अर्धे मैदान सोडून देण्याची अमेरिकी रीत अनाकलनीय वाटली. कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथील बारा वर्षांच्या मुलींच्या संघाला त्यांनी सतत मैदानभर दबाव टाकण्यास शिकविले आणि तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचला. दुर्बलाने बलवानाच्या रीतीने न लढता आपली रीत त्याच्यावर लादावी, हा ग्लॅडवेल यांचा निष्कर्ष होता. गनिमी काव्याची परंपरा परिचित असलेल्या मराठी वाचकाला तो सहज पटण्याजोगा आहे.

तरीही त्यांची महाविद्यालयीन उदाहरणे तपासता शंका उरते. १९७१ मध्ये फोर्डहॅमने ज्युलियस एर्व्हिंग यांच्या मॅसॅच्युसेट्स संघाचा ८७-७९ असा पराभव केला, हे त्यांचे प्रमुख उदाहरण होय. परंतु डिगर फेल्प्स यांच्या फोर्डहॅमने त्या हंगामात २६ सामने जिंकले आणि केवळ ३ गमावले. त्या संघास दुर्बल म्हणणे कठीण आहे. ग्लॅडवेल यांनी गौरविलेल्या रिक पिटिनो यांनी १९८७ मध्ये प्रॉव्हिडन्स संघाला उपान्त्य फेरीत नेले, हे सिद्धान्ताला पोषक आहे. मात्र १९९६ मध्ये त्यांनी केंटकीला दबावाच्या बळावर विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा त्या संघातील नऊ खेळाडू पुढे व्यावसायिक एनबीएमध्ये खेळण्याच्या योग्यतेचे होते. सतत दबाव टाकण्यासाठी दम लागतो आणि दम टिकविण्यासाठी तोडीचे राखीव खेळाडू लागतात. ज्या महाविद्यालयाकडे जेमतेम सहा चांगले खेळाडू आहेत, त्याला हे शस्त्र दीर्घकाळ पेलत नाही.

रणदिवे यांच्या संघाचा शेवटही सूचक आहे. राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी वारंवार फाऊल दिल्यामुळे त्यांना दबाव आवरता घ्यावा लागला आणि संघ हरला. नियम तेच होते, त्यांचा अर्थ लावणारी दृष्टी वेगळी होती.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पूर्ण मैदानी दबाव हे स्वभावतः दुर्बलांचे शस्त्र नाही आणि अर्धमैदानी खेळ ही स्वभावतः बलवानांची मिरास नाही. लोयोला आणि यूसीएलए यांनी दबावाने संयमाची किंवा उंचीची फळी फोडली. व्हिलानोव्हा आणि प्रिन्स्टन यांनी संयमाने वेगवान बलाढ्यांना थोपविले. आधुनिक काळातही हेच घडते. २०११ मध्ये शाका स्मार्ट यांचा व्हर्जिनिया कॉमनवेल्थ संघ दबावाच्या जोरावर अंतिम चार संघांत पोहोचला. व्हर्जिनिया विद्यापीठाचा अत्यंत संथ व बंदिस्त संघ २०१८ मध्ये अव्वल मानांकन असूनही सोळाव्या मानांकनाच्या मेरीलँड बाल्टिमोर काउंटी संघाकडून ७४-५४ असा हरला आणि २०१९ मध्ये त्याच पद्धतीने राष्ट्रीय विजेता झाला.

मध्यरेषेचा नियम, मध्यभागातील उडीचे उच्चाटन आणि शॉट क्लॉक या तीन निर्णयांनी दबावाची किंमत वेळोवेळी बदलली. त्या त्या काळात कोणाकडे किती खेळाडू होते, त्यांना किती दम होता आणि कोणाच्या कौशल्याला समाज कौशल्य म्हणून ओळखत होता, यावर पद्धतीची निवड व तिची प्रतिष्ठा ठरली. १९४४ च्या त्या बंद व्यायामशाळेत ज्यांनी ८८ गुण केले, त्यांना दुर्बल ठरविले होते ते समाजाने. खेळात ते दुर्बल नव्हते. सामाजिक दुर्बलता आणि क्रीडाकौशल्यातील दुर्बलता यांची गल्लत टाळली, तरच या डावपेचांचा इतिहास न्याय्य रीतीने लिहिता येईल.